आप्पांचं नाव यादीत, सही सूनबाईची

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. वय 27, एम.कॉम. झालेली, माहेर धुळ्याकडचं, लग्नाला 3 वर्षं झाली. सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, केळी निर्यातीची फर्म आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी केळी धुऊन, सुकवून खोक्यात भरण्याची यंत्रणा परदेशातून आणली. सीमाशुल्क माफ झालं, त्या बदल्यात ठरलेल्या रकमेची निर्यात करून दाखवायची होती. ती कागदावर दाखवता आली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाचा (सगळे त्याला डीजीएफटी म्हणतात) आदेश घरी आला. दंड झाला आणि फर्मचं नाव ‘डिनाइड एन्टिटी लिस्ट’मध्ये, म्हणजे परवाने आणि सवलती नाकारण्याच्या यादीत, गेलं. घरात ठरलं की सुनेच्या नावानं नवी फर्म काढायची आणि नवा आयात-निर्यात कोड घ्यायचा. सल्लागाराकडचा मुलगा टॅब घेऊन आला, तिच्या फोनवर ओटीपी आला, आणि तिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, ‘रेंज नाही.’ आप्पा म्हणतात, ‘घरनंच काम शे, सही करी दे.’ नवरा म्हणतो, यादीचं काय घेऊन बसलीस, निर्यातबंदीसारखीच ती, आज आहे उद्या उठेल. ती विचारते, ‘सही नाही केली तर मी या घराची नाही, केली तर कायद्याची गुन्हेगार. काय करू?’

ताई,

ओटीपी सांगितला नाहीत, हे फार बरं केलंत. तुमच्याकडे दुसरं काही उत्तर तयार नव्हतं, तरी हात थांबला, म्हणजे आतून तुम्हाला काहीतरी कळलेलं होतं. पण रेंज नसल्याचं कारण दोन-चार दिवसच पुरतं. त्यानंतर बोलावं लागेल, आणि बोलायला हातात काहीतरी हवं. ते देण्याचा प्रयत्न करते. मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली, या याद्या टेबलाच्या त्या बाजूनं पाहिल्या आहेत. म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं घेऊ, कारण सगळी चूक तिथून सुरू होते आणि ती चूक त्यांची एकट्याची नाही, सगळ्या खान्देशची आहे. आपण निर्यातबंदी पाहतच मोठे झालो. 5 मार्च 2012 ला कापसाची निर्यात बंद झाली आणि आठवडाभरात सरकारनं माघार घेतली. 8 डिसेंबर 2023 ला कांदा बंद झाला, 4 मे 2024 ला उघडला. शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं ते झालं, पण बंदी उठवायला त्याला कुठल्या कचेरीत अर्ज करावा लागला नाही. त्यामुळे आपल्या मनात पक्कं बसलंय की सरकार दार लावतं आणि सरकारच उघडतं, आपण फक्त थांबायचं.

ती बंदी मालावर असते. यादी माणसावर असते. मालावरची बंदी उठते ती बाजारभाव बदलला म्हणून, निवडणूक आली म्हणून किंवा नवं पीक आलं म्हणून. माणसाचं नाव यादीतून आपोआप निघत नाही. ते कागद मागतं. आप्पांनी दहा वर्षं वाट पाहिली तरी नाव तिथेच राहील आणि व्याज तेवढं चढत जाईल. मोठमोठ्या संस्थांनाही हेच लागू पडतं. पोखरणच्या 1998 च्या चाचण्यांनंतर अमेरिकेनं भारतातल्या कितीतरी संस्था आपल्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत टाकल्या. इस्रो आणि डीआरडीओच्या काही संस्थांची नावं निघाली ती 2011 च्या जानेवारीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचं निघालं ते 2025 च्या जानेवारीत. मधल्या काळात दोन्ही सरकारं बोलत होती, करार होत होते, तेव्हा कुठे एकेक नाव खाली आलं.

आता आप्पांचा आदेश. तुमच्या पत्रात त्यातलं एक वाक्यसुद्धा नाही, म्हणून विचारते: तो घरात कुणी पूर्ण वाचला आहे का? बहुतेक घरांत असा कागद येतो, दंडाचा आकडा पाहिला जातो, शिव्या दिल्या जातात आणि तो देवघराच्या फळीवर जातो. तुम्ही एम.कॉम. आहात, तो खाली काढा आणि वाचा. 1992 च्या विदेश व्यापार कायद्याखाली दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. फर्म डीईएलमध्ये, म्हणजे त्या यादीत, गेली की तिला नवे परवाने आणि शुल्कमाफीच्या सवलती नाकारता येतात. कोडच निलंबित किंवा रद्द झाला असेल तर मात्र आयात-निर्यातच बंद होते. ती कलम 8 खालची वेगळी कारवाई आहे. तुमच्या आदेशात यातलं नेमकं काय आहे, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर कोड आणि फर्मचं नाव टाकलं की कुठल्याही फर्मची माहिती दिसते, त्यात कोड चालू आहे की नाही ते असतं आणि ‘डीईएल स्टेटस’ असा एक रकानाही असतो. आजच पाहा. केळी पाठवायला खरंच बंदी आहे का, हे न बघता घरानं नवी फर्म काढायला घेतली असेल, तर ते डॉक्टरांचा कागद न वाचता शस्त्रक्रियेला उभं राहण्यासारखं आहे.

मग मूळ दुखणं काय ते बघू. आप्पांनी यंत्र आणलं ते ईपीसीजी योजनेतून, म्हणजे निर्यातीच्या अटीवर यंत्राचं शुल्क माफ करणाऱ्या योजनेतून. हिशेब साधा आहे. समजा 10 लाखांचं शुल्क वाचलं, तर त्याच्या सहापट, म्हणजे 60 लाखांची निर्यात 6 वर्षांत करायची. पहिल्या 4 वर्षांत निम्मी, उरलेली पुढच्या 2 वर्षांत. नाही झाली तर जेवढी कमी पडली तेवढ्या प्रमाणात वाचलेलं शुल्क भरायचं, वर साल दरसाल 15 टक्के व्याज. म्हणजे निम्मी निर्यात झाली असेल तर ढोबळमानानं निम्म्या शुल्काचा प्रश्न उरतो, सगळ्याचा नाही. हे घरात कुणी मांडून पाहिलंय का?

इथे एक आठवण सांगते. एक गृहस्थ बँकेत आले होते, तेही केळीवालेच. हातात किराणा दुकानाची कॅरीबॅग, त्यात शिपिंग बिलांच्या, म्हणजे माल पाठवताना सीमाशुल्काकडे भरायच्या कागदांच्या, प्रती कोंबलेल्या. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, ‘मॅडम, माझा माल आखातात गेला, मी स्वतः कंटेनर भरून दिले, आणि सरकार म्हणतं तू निर्यातच केली नाही.’ आम्ही ती बिलं टेबलावर पसरली. माल त्यांचा होता, पण पाठवला होता मुंबईच्या एका निर्यातदारानं, त्याच्या कोडवर. अशी दुसऱ्यामार्फत केलेली निर्यातही योजनेत धरली जाते, फक्त शिपिंग बिलावर दोघांची नावं आणि यंत्राच्या परवान्याचा क्रमांक असावा लागतो. बहुतेक बिलांवर तो रकाना कोरा होता. निर्यातदाराच्या माणसानं घाईत भरला नव्हता, आणि ह्यांना तो रकाना असतो हेच माहीत नव्हतं. 13 किलोची हजारो खोकी न्हावा शेव्याहून समुद्रापार गेली आणि एका कोऱ्या रकान्यामुळे सरकारी वहीत त्यांची नोंदच नव्हती.

त्यांचं पुढे सगळं छान झालं असं म्हणणार नाही. काही बिलांवर क्रमांक होता, ती धरली गेली. काही बिलं सीमाशुल्क कायद्याच्या कलम 149 खाली दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज केले. निर्यात झाली त्या वेळचे पुरावे असतील तरच हे होतं. त्यांच्याकडे पॅकहाऊसच्या पावत्या आणि निर्यातदाराशी झालेला पत्रव्यवहार होता, म्हणून काहींचं झालं. उरलेल्याचं शुल्क त्यांनी व्याजासह भरलं. त्रास झाला, एक प्लॉट विकावा लागला. पण नाव निघालं, आणि ते आजही स्वतःच्या नावानं माल पाठवतात.

आप्पांचंही असंच असू शकेल. नसेलही. त्यांनी निर्यात केली आणि ती दाखवता आली नाही, की केलीच नाही, हे तुमच्या पत्रातून मला कळत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नक्की माहीत नाही. कोविडच्या काळात किंवा व्हायरसनं बाग उपटावी लागली त्या वर्षी माल कमी पडला असेल, तर तेही सांगण्यासारखं कारण आहे. खऱ्या अडचणीतल्या प्रकरणांसाठी डीजीएफटीत पॉलिसी रिलॅक्सेशन कमिटी असते, मुदतवाढीची सोयही असते. 2023 मध्ये तर अशाच थकलेल्या प्रकरणांसाठी माफी योजना आली होती, व्याज मूळ शुल्कापेक्षा जास्त घ्यायचं नाही अशी. ती संपली. तेव्हा आप्पांनी अर्ज का केला नाही, हा प्रश्न रागानं नका विचारू, पण विचारा. कदाचित त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

नियम असा आहे की राहिलेली निर्यात पुरी केली, दंड भरला, मागणीची नोटीस भागवली किंवा मागितलेले कागद दिले, तर नाव यादीतून काढता येतं. मधल्या काळात योग्य कारण दाखवलं तर यादीचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त 60 दिवस स्थगितही ठेवता येतो. म्हणजे दार बंद आहे, पण किल्ली आप्पांच्याच खिशात आहे.

आता तुमच्या सहीकडे येऊ.

कोड काढणं सोपं आहे, म्हणूनच फसायला होतं. 500 रुपये फी, ऑनलाइन अर्ज, आधारचा ओटीपी, एखाद्या दिवसात कोड हातात. एका पॅनला एकच कोड मिळतो, म्हणून आप्पांच्या फर्मला त्याच पॅनवर दुसरा घेता येत नाही आणि घरातल्या दुसऱ्या पॅनकडे नजर जाते. खान्देशात सुनेच्या, बायकोच्या, कधी म्हाताऱ्या आईच्या नावानं फर्म असणं काही नवं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात बेकायदा काहीच नाही, ती फर्म खरोखर त्या बाईची असेल तर.

तुमची असेल का ती? पैसा कुणाचा, बँकेच्या खात्यावर सही कुणाची, भाव कोण ठरवणार, आखातातल्या व्यापाऱ्याशी कोण बोलणार? पॅकहाऊस तेच, मोबाइल नंबर तोच, खरेदीदार तोच, फक्त नाव तुमचं, याला कायदा नवी फर्म मानायला तयार नसतो. आणि एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. योजनेतून आणलेलं यंत्र निर्यातीचं बंधन पुरं होईपर्यंत ज्यानं आणलं त्यानंच वापरायचं असतं. तुमच्या फर्मची केळी त्याच यंत्रावर धुतली की आप्पांचा आणखी एक नियमभंग झाला, म्हणजे त्यांना सोडवायला निघालेली फर्मच त्यांना आणखी अडकवणार.

अर्जात तुम्ही काय लिहून देता तेही वाचा. फर्मचे मालक, भागीदार अशा दुसऱ्या कुठल्या फर्मशी जोडलेले नाहीत की जिच्यावर कारवाई झाली आहे, अशा अर्थाची हमी त्यात असते. तुम्ही लिहिलंय की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बँकेच्या कर्जासाठी काही कागदांवर सह्या केल्या होत्या, ‘कशावर ते आठवत नाही’. ताई, तेवढं मात्र शोधून काढाच. त्या सह्यांनी तुम्ही आप्पांच्या फर्मच्या भागीदार झाला असाल, तर तुमचं नाव आधीच या प्रकरणात आहे आणि नव्या अर्जातली हमी सरळसरळ खोटी ठरेल. फर्मचं भागीदारीपत्र मागा, जीएसटीच्या नोंदणीत भागीदार म्हणून कुणाची नावं आहेत ते बघा. नुसत्या जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी, पण तेही माहीत हवंच.

खोटी हमी दिली तर होतं काय? तुमचा कोड निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. विदेश व्यापार कायद्यात दंड 10,000 रुपयांपासून मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत आहे. सीमाशुल्काकडे खोटे कागद दिल्याचा दंडही मालाच्या पाचपटीपर्यंत जातो. आणि हे सगळं तुमच्या पॅनवर, म्हणजे उद्या तुम्हाला स्वतःचं काही करायचं झालं, माहेरच्या मिरचीचा किंवा पपईचा धंदा उभा करायचा झाला, तर तुमचाच रस्ता अडलेला. नाव बदलून यादीतून निसटायची युक्ती जगभरच्या सरकारांना पाठ आहे. अमेरिकेच्या व्यापार खात्याच्या बंदी-यादीत तर मालकी, नातं किंवा धंद्याच्या संबंधानं जोडलेल्या माणसांनाही ओढता येतं, दुसऱ्याच्या नावाआडून व्यवहार होऊ नये म्हणून.

आप्पांचं देणं मात्र या सहीनं एक रुपयाही कमी होत नाही. शुल्क, व्याज, दंड तिथेच राहणार. बँकेची हमी दिली असेल तर सीमाशुल्क खातं ती वटवू शकतं. म्हणून ‘सही केली तर घर वाचतं’ हे जे तुम्ही मनाशी धरून बसला आहात, ते तपासून बघा. सही केली तर एका घरातली दोन नावं अडकतात, आणि कोरं नाव उरत नाही.

हीच गोष्ट आप्पांशी बोलायची आहे. ‘मी सही करणार नाही’ असं म्हणून चालणार नाही, ते मलाही कळतं. लग्नाला तीनच वर्षं झालेल्या सुनेनं सासऱ्याला तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं, आणि आप्पा लबाड आहेत असं मलाही वाटत नाही. एक माणूस आयुष्यभर बागेत राबला, माल परदेशात पोचवला, आणि सरकारच्या कागदावर त्याचं नाव व्यापाराला नालायक म्हणून लागलं. त्याला ते जिव्हारी लागलेलं असणार. नवीन कोड म्हणजे त्यांच्यासाठी त्या कागदाकडे पाठ फिरवण्याची सोय आहे. म्हणून तुमच्या बोलण्यात नकार पुढे येऊ देऊ नका, कागद येऊ द्या. ‘आप्पा, तुमचं नाव काढायचं बघू, माझं घालायचं नको. मला सगळी शिपिंग बिलं द्या, मी बसते.’ असं म्हणून बघा. ज्या घरात कॉमर्स शिकलेली सून आहे, तिथे या कामाला तिच्याइतकं योग्य कुणी नाही. यजमानांना आधी एकटं गाठा, आप्पांसमोर त्यांना तोंडघशी पाडू नका.

यंदाच्या कापणीचं काय, असं आप्पा विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे, घड थांबत नाहीत. ज्याचा कोड आणि अपेडाची (शेतमाल निर्यातीचं काम पाहणारी सरकारी संस्था) नोंदणी चालू आहे अशा निर्यातदाराला बागेवर किंवा पॅकहाऊसवर माल द्या. नुसता माल विकायला तुम्हाला कोड लागत नाही. भाव थोडा कमी मिळेल, ते मान्य. योजनेची मुदत शिल्लक असेल किंवा वाढवून मिळणार असेल, तर या वेळी शिपिंग बिल बंदरावर जाण्याआधी आप्पांचं नाव आणि परवान्याचा क्रमांक त्यात घातलाय ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. विकल्याचा पैसा बँकेत आला की त्याचा दाखलाही मागून ठेवा.

आणि तुम्हाला स्वतःला निर्यातीत यायचं असेल तर जरूर या. जळगावच्या केळीला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, शिकलेल्या पोरींनी या धंद्यात यायलाच हवं. पण आधी आप्पांचं प्रकरण मार्गी लागू द्या, फर्ममधलं तुमचं स्थान स्पष्ट होऊ द्या, आणि मग स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या खात्यावर, जे खरं आहे ते अर्जात लिहून कोड घ्या. सल्लागार मात्र दुसरा शोधा. ज्यानं सासऱ्याचा आदेश न वाचता सुनेच्या आधारवर ओटीपी पाठवला, त्याच्या हाती पुढचं काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विदेश व्यापाराचं काम करणारा सीए किंवा वकील गाठा आणि पहिल्या भेटीत एवढंच विचारा, ‘अपील करायचं की भरून मोकळं व्हायचं?’ त्याचं उत्तर तुमचा आदेश वाचूनच देईल तो खरा.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते, कारण यादी म्हटलं की लोकांना एकच यादी वाटते. आमच्या बँकेत आम्ही रोज बघायचो ती रिझर्व्ह बँकेची ‘कॉशन लिस्ट’ वेगळी. निर्यातीचा पैसा वर्षानुवर्षं आला नाही की त्यात नाव जायचं, आणि मग माल पाठवायचा तर आगाऊ पैसे किंवा पक्कं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी, लागायची. 2020 च्या ऑक्टोबरपर्यंत दोन वर्षं बिल थकलं की संगणकच नाव घालायचा. आता आपोआप होत नाही, पण यादी आहेच. म्हणून दुबईच्या व्यापाऱ्यानं खराब मालाचं कारण सांगून पैसे कापले तर बँकेला लेखी कळवून ते बिल बंद करून घ्या, लोंबकळत ठेवू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवाद्यांची यादी भारतात कायद्यानं लागू होते, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 51अ खाली मालमत्ता गोठवता येते. अमेरिकेच्या निर्बंधांच्या याद्या आपल्यावर थेट कायदा नाहीत, पण डॉलरचा व्यवहार अमेरिकी बँकेतून जातो, त्यामुळे तिथे नाव जुळलं की पैसा अडकतो. धुळ्यातल्या एका यंत्रमागवाल्याचे पैसे असेच थांबले होते, नाव आणि वडिलांचं नाव यादीतल्या कुणाशी तरी जुळलं म्हणून. तो फार घाबरला होता. पासपोर्टची प्रत, जन्मतारीख आणि पत्त्याचा पुरावा दिल्यावर पैसे सुटले. नाव जुळणं म्हणजे गुन्हा नव्हे, तेव्हा बँकेनं विचारलं तर अपमान न मानता कागद द्या. इराणला केळी पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की फळांवर अमेरिकेचीही बंदी नाही, अडचण येते ती पैसा परत येण्याच्या वाटेत. म्हणून खरेदीदार कोण आणि पैसे कुठल्या देशातल्या कुठल्या बँकेतून येणार, हे माल भरण्याआधी आपल्या बँकेला दाखवा.

आणि जळगाव एमआयडीसीतल्या किंवा भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींना सुटे भाग पुरवणाऱ्या मंडळींनो, तुमच्यासाठी मालाची एक यादी आहे, तिला स्कोमेट म्हणतात. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांत वापरता येतील अशी रसायनं, साहित्य, यंत्रं आणि तंत्रज्ञान त्यात येतं. त्याला परवाना लागतो. नुसतं ड्रॉइंग ईमेलनं परदेशी पाठवणं हीसुद्धा निर्यात धरली जाते, हे कित्येकांना ठाऊक नसतं. आणखी एक, हे सगळ्यांसाठी: दर वर्षी एप्रिल ते जून या काळात आपला कोड ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. विसरलात तर तो बंद पडतो, आणि नेमका कंटेनर भरलेला असताना ते कळतं.

ताई, परत तुमच्याकडे. या आदेशावर अपील करायचं असेल तर तो हातात पडल्यापासून 45 दिवसांची मुदत आहे. सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस देता येतात, पण त्यावर विसंबू नका. अपिलासाठी दंडाची रक्कम आधी भरावी लागते, ती झेपणारी नसेल तर सूट मागता येते, अर्जातच मागायची. आदेश पोळ्याच्या आदल्या दिवशी आला म्हणता, म्हणजे 45 दिवस कोजागिरीच्या सुमाराला संपतात. आज पितृपक्ष लागला आहे, आप्पा म्हणतील की या पंधरवड्यात नवं काही नको. त्यांना सांगा, हे नवं काम नाही, जुनंच आहे, आपलंच. आदेशाचं पाकीट टाकलं नसेल तर ते जपून ठेवा, त्यावर पोस्टाची तारीख आहे. आणि आज रात्री जेवणं झाली की शिपिंग बिलांची पिशवी खाली काढा, एकेक बिल उलगडा, आणि तो परवान्याच्या क्रमांकाचा रकाना भरलेला आहे का ते बघा.